माल परत मागवायचा, पण कोणाकडून?

समजा, क्रांती चौकातल्या एखाद्या हातगाडीवरून कोणी पाणी तापवायचा विदेशी रॉड बिलाशिवाय घेतला. पुढे तो सदोष ठरला, तर परत कसा मागवणार?

कायदा आहे. भारतीय मानक ब्यूरोला २०१६ च्या आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०१९ च्या कायद्याने सदोष माल परत मागवण्याचा आदेश देता येतो. पण आदेश ग्राहकापर्यंत पोहोचायला उत्पादकाचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि बिल लागते. बेनामी मालात नेमके हेच नसते. म्हणून तरतूद चांगली, पण अपुरी आहे.

दोष कुठे असतो? १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेतो. वायरीतील तांब्याची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, निम्मे केले की रोध दुप्पट होतो. प्रवाह तोच असल्याने उष्णताही दुप्पट होते. वरचे आवरण जाडजूड असल्याने ही काटकसर दिसत नाही. धातूच्या रॉडला दोनच पिना असतील तर अर्थिंगच नाही. आतले आवरण फुटले की पाण्यात वीज उतरते.

'सीई' खुणेवर भुलू नये. ती बहुधा उत्पादकाची स्वतःचीच ग्वाही असते. आयएसआयची जागा ती घेत नाही.

ओहमचा नियम शिकवताना मुलांना रॉडवरची खूण वाचायला लावावी: वर 'आयएस ३६८', खाली 'सीएम/एल' परवाना क्रमांक. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. रॉड प्लगला मात्र जोडू नये. परीक्षेत गुण देणारे सूत्र घरात जीव वाचवत नसेल, तर आपले शिकवणेही अपुरेच म्हणावे लागेल.