लिखित काकू : ईमेलमधील भावचिन्हांविषयी

उपरोध उच्चाराच्या आधाराने उभा असतो. लेखनात येताच तो पोरका होतो. उशिरा आलेल्या माणसाला 'फारच लवकर आलात!' असे म्हटले, तर त्याचा अर्थ शब्दांत नसून आवाजाच्या हेलात असतो. भारतीय साहित्यशास्त्राने या हेलाला 'काकू' ही संज्ञा दिली. ईमेलमध्ये वाक्याअखेर येणारे :-) हे चिन्ह म्हणजे काकूला लिखित रूप देण्याचा प्रयत्न होय, असे म्हणता येईल.

या चिन्हाची जन्मकथा बोलकी आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी ते विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर सुचवले. लिफ्टमध्ये पारा सांडल्याची तेथील एक थट्टा त्याआधी काहींना खरी वाटली होती. तेव्हा हे चिन्ह अवतरले ते भाव प्रकट करण्यासाठी नव्हे, तर मजकूर कसा वाचावा हे सांगण्यासाठी. 'भावचिन्ह' हे नाव म्हणूनच काहीसे फसवे आहे.

अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस ही एरवी वाक्याची सेवा करणारी चिन्हे येथे डोळे, नाक आणि तोंड होतात. मात्र हे साम्य सर्वस्वी नैसर्गिक नाही. जपानी पद्धतीचा (^_^) हा चेहरा सरळ उभा असतो आणि त्याचे हसू ओठांत नसून डोळ्यांत असते. प्रतिमा वाटणारे चिन्हही संकेतावरच जगते, हे यावरून दिसते.

मम्मटाने गुणीभूतव्यंग्याच्या आठ प्रकारांत 'काक्वाक्षिप्त' आणि 'अगूढ' यांची गणना केली आहे. काकूने सुचणारा अर्थ आणि वाच्याइतका उघडा पडलेला अर्थ, असे हे दोन प्रकार. ईमेलमधील हसरा चेहरा पहिल्याचे काम करू पाहतो आणि पुष्कळदा दुसऱ्यात जाऊन पडतो. उपरोध ओळखण्याचा वाचकाचा व्यापारच तो अनावश्यक ठरवतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ध्वनीला सहृदय लागतो. ईमेल मात्र अनेकदा अपरिचितांमध्ये चालते. जेथे सहृदयता गृहीत धरता येत नाही, तेथे खूण करणे हे सौजन्यच होय. आपल्या छापील गद्यातही शब्दापुढे कंसात उद्गारचिन्ह घालण्याची रीत आहेच.

परंतु खरा प्रश्न सौंदर्याचा नसून जबाबदारीचा आहे. 'तुमच्याकडून याहून अधिक अपेक्षा नव्हतीच :-)' या वाक्याने वाचक दुखावला, तर लेखक चिन्हाकडे बोट दाखवून मोकळा होतो. वाक्य बोचते आणि चिन्ह हात झटकते. मराठीतील 'हं', 'बरं का', 'म्हणे' हे शब्दही वाक्याचा रोख बदलतात. पण ते वाक्याच्या आत राहून. 'त्यांचे म्हणे फार वाचन आहे' यातील संशयाचे उत्तरदायित्व बोलणाऱ्याला टाळता येत नाही. चिन्ह वाक्याबाहेर उभे असते, म्हणून ते ढालीसारखे वापरता येते.

२०१० साली इमोजी युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत आले आणि चेहरे तयार मिळू लागले. प्रश्न मात्र तोच राहिला. चिन्ह वाक्याला साहाय्य करते की वाक्याची भरपाई करते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागेल. ते काढल्यावरही जे वाक्य लिहिण्याचे धैर्य उरते, त्याच वाक्याला ते शोभते.