‘कृत्रिम श्वासोच्छ्वास’ : एका संज्ञेची चिकित्सा

व्हेंटिलेटर यंत्राच्या कार्यास मराठीत ‘कृत्रिम श्वासोच्छ्वास’ म्हणण्याचा प्रघात आहे. २०२०-२१ च्या साथीत ही संज्ञा वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचली. ती सुटसुटीत आहे हे मान्य. परंतु जेथे तिने सावध करावयास हवे, नेमकी तेथेच ती दिशाभूल करते, असे आमचे मत आहे.

‘श्वास घेणे’ हा आपला नित्याचा वाक्प्रयोग शरीरशास्त्राच्या कसोटीसही उतरतो. छाती रुंदावते, फुप्फुसाभोवतीचा दाब वातावरणाहून आणखी खाली जातो आणि हवा आत ओढली जाते. तिच्याबरोबर शिरांतील रक्तही हृदयाच्या उजव्या कप्प्यांकडे ओढले जाते. यंत्र मात्र हवा ढकलते. छातीतील दाब वाढतो, परतणारे रक्त अडखळते आणि काही ठोक्यांनंतर डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारे रक्तही घटते. म्हणजे येथे नैसर्गिक क्रियेची नक्कल नसून दाबाच्या बाबतीत तिचा व्यत्यासच आहे.

हे ज्ञान नवे नव्हे. आंद्रे कूर्नाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्येच ही घट माणसांत मोजली होती. उच्छ्वासाच्या वेळी दाब झटकन उतरविला व उच्छ्वासास पुरेसा अवधी दिला, तर ती बरीच टळते, हेही दाखविले होते. कोपनहेगनमधील १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर हवा ढकलण्याचीच रीत रूढ झाली.

आता बेंबळीच्या शिवारातील एखादा मजूर कल्पावा. उन्हाने व जुलाबांनी त्याच्या अंगातील पाणी आटले आहे. धाराशिवास पोहोचेपर्यंत श्वास मंदावला आहे. अशा रुग्णाचा रक्तदाब यंत्र लावताच कोसळू शकतो. गुंगीच्या औषधांचाही त्यात वाटा असतो. मग ‘मशीन लावली आणि माणूस गेला’ हा नातलगांचा उद्गार. त्यास अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. श्वास दिल्याने हृदय कसे ढासळेल, असा प्रश्न रूढ संज्ञेतून उपजणारच. दाब पडतो, म्हणून शिरेतून द्रव व औषध द्यावे लागते आणि दाबही बेताचा ठेवावा लागतो, हे आधीच सांगितले तर ते कोणासही समजेल.

याउलट दाब म्हणजे घातच, असेही नव्हे. डावा कप्पा दुबळा होऊन फुप्फुसांत पाणी भरते, तेव्हा हाच दाब त्या कप्प्यावरील भार हलका करतो. म्हणून नुसत्या मुखवट्यातूनही तो देतात.

केंद्राकडून मराठवाड्यास आलेल्या यंत्रांच्या सदोषपणाचा प्रश्न २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. तो रास्तच होता. परंतु निर्दोष यंत्रासही दाब ठरविणारा व नाडीवर नजर ठेवणारा माणूस लागतो. ‘कृत्रिम श्वासोच्छ्वास’ या शब्दांत त्याला जागा नाही.

आम्ही ‘दाबश्वसन’ हा शब्द सुचवितो. तो कानास खडबडीत लागतो, हे खरे. तथापि किती दाब, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात त्यामुळे आपोआप उभा राहतो.