नजाशीचा दरबार आणि आमचे माप

महंमद पैगंबरांच्या चरित्राविषयी बोलण्याचा प्रसंग आला, की आमच्यापैकी अनेकांच्या हाती एखादी तयार उत्तरे देणारी पुस्तिका असते. मूळ ग्रंथ क्वचितच असतो. हैदराबाद, बेळगाव वा वडोदरा येथे सेवा करणाऱ्या धर्मशिक्षकाच्या शेजारी मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या घरी जे चरित्र बालपणापासून ऐकले जाते, ते आम्ही कधी उघडूनही पाहिलेले नसावे, ही गोष्ट आम्हांस भूषणावह नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्या चरित्राच्या एका प्राचीन ग्रंथातील एकाच प्रकरणाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

तो ग्रंथ म्हणजे इब्न इसहाक यांची ‘सीरत’. ग्रंथकाराचा जन्म मदिनेत इ. स. ७०४ च्या सुमारास झाला व मृत्यू बगदाद येथे ७६७ च्या सुमारास. पैगंबरांचे निधन ६३२ मध्ये झाले. अर्थात चरित्रनायक व चरित्रग्रंथ यांच्यात शतकाहून अधिक अंतर आहे. शिवाय मूळ ग्रंथ स्वतंत्रपणे उपलब्ध नाही. नवव्या शतकाच्या आरंभी इब्न हिशाम यांनी केलेल्या संस्करणातून, तसेच तबरी यांच्या इतिहासातील उताऱ्यांतून तो आपल्यापर्यंत पोहोचला आहे. काही मजकूर अशोभनीय वा कोणास क्लेशकारक वाटल्यामुळे आपण गाळला, हे इब्न हिशाम यांनी प्रारंभीच मान्य केले आहे. आल्फ्रेड गिल्योम यांचे इंग्रजी भाषांतर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आम्ही निवडलेले प्रकरण अबिसिनियातील आश्रयाचे आहे. मक्केत छळ वाढला तेव्हा, इ. स. ६१५ च्या सुमारास, पैगंबरांच्या अनुयायांपैकी काहीजण समुद्र ओलांडून अक्सूमच्या ख्रिस्ती राज्यात गेले. चौथ्या शतकात राजा एझाना याच्या काळी हे राज्य ख्रिस्ती झाले होते. ग्रंथात तेथे गेलेल्या पुरुषांची संख्या ऐंशीहून अधिक दिली आहे. कुरैशांनी त्यांच्या पाठोपाठ दोन वकील धाडले. मक्केच्या उत्तम चामड्याच्या भेटी प्रथम सरदारांना व मग राजाला देऊन, या पळून आलेल्यांना आमच्या स्वाधीन करा, अशी मागणी त्यांनी केली. राजाने, म्हणजे नजाशीने, दुसरी बाजू ऐकल्यावाचून निर्णय देण्यास नकार दिला. जाफर इब्न अबी तालिब यांनी निर्वासितांची बाजू मांडली व कुराणातील मरियेच्या अध्यायाचा आरंभ म्हणून दाखविला. तो ऐकून राजाची दाढी आणि बिशपांच्या पोथ्या अश्रूंनी भिजल्या, असे ग्रंथ सांगतो.

येथवर आमचे अनेक व्याख्याते सांगतात आणि थांबतात. ग्रंथ मात्र थांबत नाही. दुसऱ्या दिवशी वकिलांनी नवा आरोप केला: हे लोक येशूला देवाचा दास म्हणतात. जाफर यांनी ते नाकारले नाही. येशू हा देवाचा दास, प्रेषित, त्याचा आत्मा आणि मरियेच्या ठायी टाकलेला त्याचा शब्द होय, असे त्यांनी सांगितले. राजाने भुईवरची एक काडी उचलली. तुम्ही म्हणता त्याहून येशू या काडीइतकाही अधिक नाही, असे तो म्हणाला. बिशप नाराजीने फुत्कारले. तरीही राजाने निर्वासितांना अभय दिले आणि भेटी परत करविल्या.

साहित्य म्हणून या प्रकरणाची बांधणी उत्कृष्ट आहे. आरोप, बचाव, पुन्हा आरोप, आणि शेवटी एका काडीत सामावलेला निर्णय. निवेदन उम्म सलमा यांच्या तोंडी आहे. त्या स्वतः निर्वासितांत होत्या व पुढे पैगंबरांच्या पत्नी झाल्या. ‘आम्ही तेथे सुखाने राहिलो’ या अर्थाचा त्यांचा सूर प्रत्यक्ष अनुभवाचा वाटतो. परंतु चिकित्सकाला येथे एक खूणही दिसते. जाफर यांच्या भाषणात प्रार्थनेबरोबर दानधर्म व उपवास यांचाही उल्लेख आहे. रमजानचा उपवास मात्र मदिनेत, ६२४ मध्ये, विहित झाला असे परंपराच सांगते. तेव्हा हे भाषण आज आहे त्या रूपात पुढील काळातील धर्मशिक्षणाने घडविले असावे, असे मानण्यास आधार आहे.

हे वाचून कोणी हर्षित होण्याचे कारण नाही. प्रेषितांच्या कृत्यांतील स्तेफनाचे दीर्घ भाषण शब्दशः टिपून ठेवलेले आहे काय, हा प्रश्न आमच्याच वर्गांत विचारला जातो. लूकने प्राचीन इतिहासकारांच्या रीतीने भाषणांना रूप दिले असेल, हे आम्ही शांतपणे ऐकून घेतो आणि तरीही त्यातील साक्ष खरी मानतो. मग जाफर यांच्या भाषणाला दुसरा न्याय का लावावा?

दुप्पट मापाचा हा दोष आमच्या परंपरेत जुना आहे. उत्तर भारतात मुलकी अधिकारी असलेल्या विल्यम म्यूर यांनी, मिशनरी फांडर यांच्या प्रेरणेने, पैगंबरांचे चार खंडांचे चरित्र १८५८ ते १८६१ या काळात प्रसिद्ध केले. अरबी साधनांचा त्यांचा अभ्यास मोठा होता. परंतु पैगंबरांना कमीपणा आणणारी कथा, केवळ ती कमीपणा आणते म्हणून, खरी असली पाहिजे, या अनुमानावर त्यांनी फार भार टाकला. सर सय्यद अहमद खान यांनी लंडनला जाऊन तेथून १८७० मध्ये निबंधरूपाने उत्तर दिले. एकाच कथाकाराचे अर्धे खरे व अर्धे खोटे कोणत्या नियमाने ठरविता, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा आजही विचारणीय आहे. पुढे स्कॉटलंडचे धर्मगुरू माँटगोमेरी वॉट यांनी मक्का व मदिना या कालखंडांवर १९५३ व १९५६ साली लिहिलेल्या दोन ग्रंथांत अधिक समतोल वाट धरली.

या प्रकरणातच त्या दोषाचा मोह दोन ठिकाणी आहे. निर्वासितांपैकी उबैदुल्लाह इब्न जह्श हे अबिसिनियात ख्रिस्ती झाले व तेथेच वारले, हे इब्न इसहाक यांनी नोंदविले आहे. ही नोंद आम्ही उत्साहाने उद्धृत करतो. नजाशीने पुढे गुप्तपणे इस्लाम स्वीकारला, आपली साक्ष कागदावर लिहून ती अंगरख्याखाली ठेवली व बंडखोर प्रजेपुढे छातीवर हात ठेवून मोघम उत्तर दिले, हेही तेच ग्रंथकार सांगतात. ते मात्र आम्ही दंतकथा म्हणून बाजूस सारतो. वस्तुतः पहिल्या नोंदीच्या बाजूने एक सबळ कारण आहे: स्वपक्षाला गैरसोयीची गोष्ट कोणी उगाच रचीत नाही. दुसऱ्या कथेला अन्य आधार दिसत नाही आणि अक्सूमचे राज्य पुढेही ख्रिस्तीच राहिले. परंतु हा भेद आम्ही कारणांनी करावा, सोयीने नव्हे. आणि ज्या ग्रंथकाराने गैरसोयीची गोष्ट लपविली नाही, त्याच्या प्रामाणिकपणाचे श्रेय त्यास दिले पाहिजे.

हेच माप कठीण प्रसंगीही चालले पाहिजे. ६२७ मध्ये बनू कुरैझा या ज्यू टोळीतील सहाशे ते सातशे पुरुषांचा वध झाल्याचे याच ‘सीरत’मध्ये आहे. वलीद अरफात यांनी १९७६ मध्ये त्या वृत्तांताच्या विश्वसनीयतेवर शंका घेतली. इतर अभ्यासकांनी ती मान्य केली नाही. आम्ही हा प्रसंग झाकू नये, तसेच तो शस्त्रासारखा परजूही नये. यहोशवाचे पुस्तक व १०९९ मधील जेरुसलेम ज्यांच्या वारशात आहे, त्यांनी अशा पानांपुढे प्रथम मान खाली घालावी.

येथे कोणी विचारील, की मग आपला विश्वास कोठे उरला? त्या काडीची रुंदी आम्हांस क्षुल्लक नाही. येशू हा देवाचा पुत्र आहे, ही आमची कबुली आहे. त्या दिवशी दरबारात असतो तर आम्हीही बिशपांच्या बाजूस बसलो असतो. परंतु निर्वासितांना अभय देण्याचा निर्णय त्या कबुलीची परीक्षा घेऊन ठरला नव्हता. सिद्धान्त बिशपांचा आणि आश्रय राजाचा, ही दोन्ही एकाच मंडळीत नांदली पाहिजेत.

धर्मशिक्षकांना आमची सूचना साधी आहे. १९३० मध्ये लाहोर येथे स्थापन झालेली व १९७१ पासून हैदराबादेत असलेली हेन्री मार्टिन संस्था अशा अभ्यासासाठीच आहे. शक्य असेल त्यांनी तिचे साह्य घ्यावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी हे एक प्रकरण, अश्रूंपासून फुत्कारापर्यंत, संपूर्ण वाचावे, आणि जमल्यास शेजारच्या मुसलमान बंधूबरोबर वाचावे. तो काय ऐकतो व आम्ही काय ऐकतो, हे परस्परांस सांगावे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आज्ञा पुस्तकांच्या वाचनालाही लागू आहे, हे आमच्या ध्यानात राहिले, तर या श्रमाचे चीज झाले असे आम्ही समजू.