एक प्रत्यय, अनेक धनी

दौंडच्या स्थानकावर मनमाडच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या उतारूंचें बोलणें सहज कानीं पडलें, तरी व्याकरणाच्या अभ्यासकास पुष्कळ खाद्य मिळतें. 'तो दौंडला उतरला' एवढें साधें वाक्य घ्या. यांत 'ला' दोनदां आला आहे. पण पहिला स्थळ सांगतो, दुसरा काळ. पहिल्याचें मूळ पुष्कळ वैयाकरण ज्ञानेश्वरींत वारंवार भेटणाऱ्या 'लागीं' या शब्दांत शोधतात. दुसरा प्राकृतांतील 'इल्ल' या विशेषण बनविणाऱ्या प्रत्ययाचा वंशज असून बंगालींतील 'गेल' व भोजपुरींतील 'गइल' हे त्याचे भाऊबंद होत. एका घरांत एकाच नांवाचीं दोन माणसें असावींत आणि त्यांचें रक्ताचें नातें मुळींच नसावें, असा हा प्रकार.

शाळेंत 'स, ला, ते' घोकून घेतात आणि ते द्वितीया व चतुर्थी यांच्या पदरांत टाकतात. 'भावाला बोलाव' व 'भावाला पैसे दे' येथें तें ठीकच आहे. पण शिरूरास आसपासचे लोक घोडनदी म्हणतात. 'घोडनदीला पूर आला' आणि 'माझा भाऊ घोडनदीला असतो' या दोन वाक्यांत रूप एकच. परंतु दुसऱ्यांतला अर्थ उघडउघड सप्तमीचा आहे, आणि कोष्टक त्यास सप्तमीच्या पंक्तीस पान वाढीत नाहीं. शिवाय 'घर' शब्दाचें 'घराला' होतें, 'शिरूर'चें मात्र सहसा 'शिरूरला'च. तेथें 'स' लावतांच 'शिरुरास' असें सामान्यरूप करावें लागतें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालचें, मोरो केशव दामल्यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचें. तेवढ्या काळांत विचार किती तरी खोल गेला. पाठ्यपुस्तकांतलें कोष्टक मात्र जागचें हललें नाहीं.

हा झाला घरचा मामला. मुंबईहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग दौंडवरूनच जातो, त्यामुळें फलाटावर तमिळ व तेलुगूही ऐकूं येतात. बोलण्यांतील तमिळांत 'वीट्टुल' म्हणजे 'घरांत'. हा 'ल' लिखित 'इल्' या सप्तमीच्या प्रत्ययाचा अवशेष. तेलुगूंत 'पिल्लिला' म्हणजे 'मांजरासारखा'; मराठी कान मात्र पिल्लीला कोणीं काय दिलें, याची वाट पाहत राहतो! आणखी दूर गेलों तर तुर्कींत 'आत्ला' म्हणजे 'घोड्यानें'. फिनिश भाषेंत 'मिनुल्ला' म्हणजे 'माझ्यापाशीं', आणि भूक लागली असतां फिनिश मनुष्य 'मिनुल्ला भूक आहे' अशाच धर्तीवर बोलतो. 'मला'शीं हें साम्य पाहून एखाद्या उत्साही गृहस्थानें फिनलंड व भीमाकांठ यांची सोयरीक जुळविली, तर नवल वाटावयास नको.

अशा सोयरिकींचा मोह थोरांनाही पडला आहे. कॉल्डवेल यांनीं १८५६ सालच्या आपल्या द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणांत हिंदी 'को' आणि तमिळ 'कु' यांचें साम्य महत्त्वाचें मानलें. येथें तर दोघांचें कार्यही एकच, चतुर्थीचें. पण जुन्या अवधींत या 'को'च्या जागीं 'कहँ', 'कहुँ' अशीं रूपें दिसतात, आणि बीम्स यांनीं त्याचा माग संस्कृत 'कक्ष' शब्दापर्यंत नेला. त्या व्युत्पत्तीविषयीं मतभेद असोत. जितकें मागें जावें तितका 'को' हा 'कु'पासून दूर सरतो, एवढें खरें. प्रत्यय झिजून झिजून एका अक्षराचे होतात. तोंडास सोपे असे वर्ण थोडे आणि भाषा हजारों. तेव्हां त्यांची गांठ कोठें ना कोठें पडावयाचीच.

मग दक्षिणेचा मराठीवरील ठसा खोटा काय? मुळींच नाहीं, तो केवळ उच्चारांत शोधूं नये. 'पाऊस येईल म्हणून त्यानें छत्री घेतली' हें वाक्य पाहा. 'म्हणून' म्हणजे मुळांत 'बोलून'. वास्तविक येथें कोणी कांहीं बोललेलेंच नाहीं. तेलुगू मनुष्य अशाच ठिकाणीं 'अनि' वापरतो, आणि 'अनु' हा त्याचा बोलण्याचा धातु. कानडींतील 'एंदु' त्याच कामावर आहे. एमेनो यांनीं १९५६ सालीं भारत हें एक भाषिक क्षेत्र आहे असें प्रतिपादिलें, तें वंश निराळे असूनही भाषांत आढळणाऱ्या अशाच प्रकारच्या खुणांच्या बळावर. 'म्हणून'मधील 'ऊन' आणि 'अनि'मधील 'इ' यांत उच्चाराचें कसलेंच साम्य नाहीं; घडण मात्र तंतोतंत तीच.