बदलणारा दरवाजा, न बदलणारा नियम : ऑटोकॅडमधील डायनॅमिक ब्लॉकची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय आरेखनाच्या अध्यापनात डायनॅमिक ब्लॉक हा विषय बहुधा श्रम वाचविणारी सोय म्हणून मांडला जातो. एकच ब्लॉक ताणून, फिरवून वा उलटवून अनेक मापांत वापरता येतो, एवढेच त्याचे महत्त्व सांगितले जाते. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. डायनॅमिक ब्लॉक तयार करणे म्हणजे एखाद्या वस्तूत काय बदलू शकते आणि काय बदलता कामा नये, याचा निर्णय घेणे होय. हा निर्णय कोण घेतो आणि तो आरेखनात कितपत दिसतो, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या साधनाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मूळ आकृती एक आणि तिच्या प्रतिकृती अनेक, ही कल्पना ऑटोकॅडपेक्षा जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीत मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रतिकृती बदलत. दोन रेषा समांतर राहाव्यात, यासारखे निर्बंधही त्या प्रणालीत घालता येत असत. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडमधील ब्लॉक हा याच विचारपरंपरेतला होय. मात्र साध्या ब्लॉकची प्रतिकृती लहानमोठी करायची तर ती सगळीच करावी लागे. ९०० मि.मी. रुंदीचा दरवाजा प्रमाणात लहान करून ७५० मि.मी.चा केला, तर फळीची जाडीही कमी होई. केवळ एका दिशेने लहान केला, तर दरवाजा उघडण्याचा कंस लंबवर्तुळाकार होई. परिणामी प्रत्येक मापासाठी स्वतंत्र ब्लॉक ठेवावा लागे. २००५ मध्ये प्रसृत झालेल्या ऑटोकॅड २००६ या आवृत्तीतील डायनॅमिक ब्लॉक हे या अडचणीला दिलेले उत्तर होते.

रचना : दरवाजाचे उदाहरण

ब्लॉक एडिटरमध्ये आकृतीला प्रथम पॅरामीटर जोडावा लागतो व त्या पॅरामीटरवर ॲक्शन बसवावी लागते. पॅरामीटर बदलाचे माप सांगतो. ॲक्शन त्या बदलाने कोणत्या रेषा कशा हलतील हे ठरविते. दरवाजाच्या रुंदीला एक लिनिअर पॅरामीटर दिला, तरी तिन्ही घटकांना एकच ॲक्शन चालत नाही. भिंतीतील उघाड्याची दूरची बाजू स्ट्रेच ॲक्शनने सरकते. उघडी फळी भिंतीशी काटकोनात काढलेली असल्याने तिच्या स्ट्रेच ॲक्शनला ९० अंशांचा कोन द्यावा लागतो. त्यामुळे तिची लांबी बदलते, जाडी बदलत नाही. कंसाला मात्र बिजागरीचा बिंदू आधार धरून स्केल ॲक्शन द्यावी लागते; तो स्ट्रेचमध्ये घेतल्यास पाव वर्तुळ राहत नाही. अशा रीतीने एका साध्या दरवाजातही तीन घटकांचे तीन स्वभाव ओळखावे लागतात. हे ओळखणे आज्ञा पाठ करून साधत नाही. त्यासाठी दरवाजा कसा बनतो व कसा उघडतो हे ठाऊक असावे लागते.

मर्यादांची चिकित्सा

पहिली मर्यादा मोकळिकीची आहे. पॅरामीटरला मूल्यांचे बंधन न घातल्यास ८७३.४ मि.मी.चा दरवाजाही निर्वेधपणे काढता येतो. भूमितीच्या दृष्टीने तो निर्दोष असतो, सुताराच्या दृष्टीने तो निरर्थक असतो. ७५०, ९००, १००० अशी मूल्यांची यादी दिली की ग्रिप त्या मापांवरच थांबते. अधिक ग्रिप असलेला ब्लॉक अधिक चांगला, हा विद्यार्थ्यांत रूढ असलेला समज येथे तपासून घ्यावा लागतो. ब्लॉकची गुणवत्ता तो कशाला नकार देतो, यावरूनही ठरते.

दुसरी मर्यादा अर्थाची आहे. ९०० हे माप फळीचे, चौकटीबाहेरचे की प्रत्यक्ष ये-जा करण्याच्या मोकळ्या जागेचे, हे पॅरामीटर स्वतःहून सांगत नाही. ‘डिस्टन्स’ असे आयते नाव तसेच ठेवलेला ब्लॉक दुसऱ्या आरेखकाच्या हाती गेला, तर आकडा बरोबर असूनही चौकट चुकीची बनू शकते. पॅरामीटरला अर्थपूर्ण नाव देणे हा म्हणूनच रचनेचाच भाग मानला पाहिजे.

तिसरी मर्यादा ओळखीची आहे. प्रतिकृतीचे माप बदलले की ऑटोकॅड तिचे नवे रूप ‘*यू’ने सुरू होणाऱ्या अंतर्गत नावाने साठविते. केवळ ब्लॉकच्या नावावरून दरवाजे मोजणारी जुनी लिस्प आज्ञावली अशा प्रतिकृती वगळते. मूळ नाव स्वतंत्रपणे विचारावे लागते. दारे-खिडक्यांच्या सूचीत पडणारी अशी तूट पडद्यावर दिसत नाही, ती अंदाजपत्रकात उतरते. एक्सप्लोड आज्ञा दिल्यास तर सर्व नियम नष्ट होऊन केवळ रेषा उरतात.

ॲक्शन आणि निर्बंध

ॲक्शन ‘काय हलेल’ हे सांगते; ‘काय कायम राहील’ हे ती थेट सांगत नाही. समांतरता, समकेंद्रता यांसारखे भौमितिक निर्बंध ऑटोकॅडमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून उपलब्ध झाले व ब्लॉकमध्येही वापरता येऊ लागले. स्केचपॅडमध्ये १९६३ साली असलेला विचार या आज्ञावलीत येण्यास सुमारे साडेचार दशके लागली. तरीही निर्बंध भूमितीपुरतेच असतात. दरवाजा कोणत्या खोलीचा आणि कोणासाठी, हा विवेक निर्मात्यालाच पुरवावा लागतो.

समारोप

डायनॅमिक ब्लॉकमुळे आरेखकाचे श्रम वाचतात. पण निर्णयाचा भार नाहीसा होत नाही, तो वापरणाऱ्याकडून ब्लॉक तयार करणाऱ्याकडे सरकतो. एका ब्लॉकमधील दोष शेकडो प्रतिकृतींत पसरतो, म्हणून ही जबाबदारी मोठी आहे. अभ्यासक्रमात ब्लॉक एडिटर उघडण्यापूर्वी त्या वस्तूतील बदलणारे व न बदलणारे घटक विद्यार्थ्याने कागदावर लिहून काढावेत आणि मूल्यमापनात त्या यादीला तयार ब्लॉकइतकेच गुण असावेत. ग्रिप ओढता येणे हे कौशल्य आहे. ती कोठे थांबावी हे सांगता येणे म्हणजे आरेखनाचे ज्ञान होय.