मूल नुसतं ‘साक्षीदार’ नसतं

घरातल्या मारहाणीचा मुलांवर काय परिणाम होतो, या विषयावर संशोधन प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्या दोन पानांत तीन गोष्टी हमखास येतात. ‘हिंसा पाहिलेल्या ६३ टक्के मुलांवर परिणाम होतो’ हा आकडा, ‘एसीई’ नावाचा गुणांक आणि ‘अशा घरातली मुलं पुढे तशीच वागतात’ हे वाक्य. मार्गदर्शकही मान डोलावतात, कारण हे सगळं त्यांनी अनेकदा वाचलेलं असतं. या लेखात या तिन्ही गोष्टी जरा उलटूनपालटून बघूया. माझा आक्षेप थोडक्यात सांगतो. या मुलांवरचं बरंचसं संशोधन इजा मोजतं, सावरणं मोजत नाही. आणि जिथे सावरणं मोजलं जातं, तिथली परिस्थिती आपल्याकडच्या बहुतेक मुलांची नसते.

त्रेसष्ट टक्क्यांचं गणित

हा आकडा कॅथरीन किट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या मेटा-विश्लेषणातला. त्यांनी ११८ अभ्यास एकत्र तपासले होते. काम चांगलं आहे, आजही मुळातून वाचावं असं आहे. पण त्यात ‘६३ टक्के मुलांना त्रास होतो’ असं म्हटलेलंच नाही. आईवडिलांमधली हिंसा वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांची स्थिती, तशी हिंसा वाट्याला न आलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट होती, असं ते विधान आहे.

आता स्वतःला विचारा: दोन्ही गटांत काडीचाही फरक नसता, तर हा आकडा किती आला असता? शून्य नाही, साधारण ५०. कारण कुठल्याही गटातली जवळपास निम्मी मुलं सरासरीच्या खाली असतातच. म्हणजे ६३ ची तुलना शून्याशी करायची नाही, ५० शी करायची. परिणाम खरा आहे, दुर्लक्ष करण्यासारखा मुळीच नाही. पण ‘तीनातली दोन मुलं बिघडतात’ असा त्याचा अर्थ लावला, तर तो आकड्यावरही अन्याय आहे आणि मुलांवरही.

आणि उरलेली ३७ टक्के? ती सरासरी मुलाइतकी किंवा त्याहून बरी होती. ती कशी सावरली, कोणामुळे सावरली, हा खरं तर संशोधनाचा सोन्यासारखा प्रश्न आहे. मात्र घाईने त्यांना ‘कणखर मुलं’ असं लेबल लावू नका. अशा अभ्यासांत मुलाच्या वागणुकीची यादी बऱ्याचदा आई भरते. ती स्वतः मार खात असते, थकलेली असते. काहींना अशा वेळी मुलाचा त्रास जास्त दिसतो, काहींना दिसतच नाही. शिवाय बापाच्या गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद करून मुकाट्याने पुस्तक उघडणारं मूल यादीवर ‘काही अडचण नाही’ या रकान्यात जातं. त्याचं शहाण्यासारखं वागणं हीच त्याची भीती असू शकते. यादीतून ते कळत नाही.

बेरीज करून आयुष्य कळत नाही

एसीईचा मूळ अभ्यास १९९८ चा, व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा. सॅन दिएगोमधल्या एका आरोग्य योजनेच्या प्रौढ सभासदांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण अशा प्रतिकूल अनुभवांचे प्रकार मोजले आणि ते पुढच्या आजारपणाशी जोडून पाहिले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा अभ्यास मोठाच होता.

अडचण पुढे सुरू झाली. लोकसंख्येसाठी बनवलेलं माप एकेका मुलाला लावायला सुरुवात झाली. आईला अधूनमधून ढकललेलं असो की दहा वर्षं रोज रात्री मारहाण झालेली असो, गुण एकच. जवळ आजी होती का, शाळेतल्या बाईंनी विचारपूस केली का, याला गुणच नाहीत. शेवटी २०२० मध्ये स्वतः अँडा यांनीच सहलेखकांसोबत लिहिलं की हा गुणांक एकेका व्यक्तीची जोखीम ठरवायला वापरू नका. प्रस्तावात एसीई घ्यायचं असेल तर हा दुसरा लेखही वाचलेला हवा. पहिला दाखला देऊन दुसरा टाळणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

आपल्या आकड्यांत मूल कुठे आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातल्या, कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. घरात बाईशी एकांतात बोलता आलं तरच हे प्रश्न विचारायचे, असा या सर्वेक्षणाचा नियम आहे, आणि तो अगदी योग्य आहे. त्यात आणखी एक प्रश्न असतो: तुमचे वडील तुमच्या आईला मारायचे का? ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रियांमध्ये नवऱ्याकडून मार खाण्याचं प्रमाण जास्त दिसतं. ‘हिंसेचं चक्र’ या वाक्याला आधार म्हणून हीच तुलना पुढे केली जाते.

नीट पाहिलं तर इथे मूल आहे, पण मोठं होऊन आठवण सांगणारी बाई म्हणून. आणि तिच्या बालपणाचा उपयोग कशासाठी? तिच्या आजच्या माराचं कारण शोधायला. त्या घरात ती आठ वर्षांची असताना काय झालं, कोण मदतीला आलं, हे कुणी विचारत नाही. शिवाय ‘प्रमाण जास्त आहे’ आणि ‘असंच होतं’ यात मोठं अंतर आहे. समजा, एका गटात शंभरातल्या चाळीस जणींना मार बसतो आणि दुसऱ्या गटात पंचवीस जणींना. फरक ठळक आहे. तरीही पहिल्या गटातल्या साठ जणींच्या बाबतीत ते चक्र फिरलेलं नाही. (हे आकडे फक्त मुद्दा समजावण्यासाठी घेतले आहेत.)

दुसरीकडे, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा बाल अत्याचार अभ्यास. महाराष्ट्रासह १३ राज्यं, १२,४४७ मुलं, आणि प्रश्न थेट मुलांना. पण त्याची मुख्य प्रकरणं शारीरिक, लैंगिक, भावनिक अत्याचार आणि मुलींची हेळसांड अशी होती. आईला मार बसत असलेल्या घरात वाढणं, हा त्यात स्वतंत्र विभाग नव्हता. एका सर्वेक्षणात घरातली हिंसा आहे पण उत्तर देणारं मूल नाही, दुसऱ्यात मूल आहे पण ही हिंसा वेगळी मोजलेली नाही. आपला विषय नेमका या दोघांच्या मधल्या फटीत पडला आहे.

शब्द कुठला वापरता?

बरेच अभ्यास या मुलांना ‘साक्षीदार’ म्हणतात. जणू मूल दारात उभं राहून दुसऱ्यांचं भांडण बघत होतं. ब्रिटनमध्ये जेन कॅलहन आणि एमा कॅट्झ यांनी मुलांशी बोलून याच शब्दावर बोट ठेवलं. कॅट्झ यांचा २०१६ चा लेख १५ आया आणि १५ मुलांच्या मुलाखतींवर उभा आहे. हात उगारला जात नसतानाही पैसा, वेळ, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं यावरचा बापाचा ताबा मुलांचं रोजचं आयुष्य कसं आवळतो, हे त्यात दिसतं. मुलं गप्प बसून बघत नाहीत. ती धाकट्याला दुसऱ्या खोलीत नेतात, आईला खुणावतात, शेजारी पळतात. तिथल्या २०२१ च्या घरगुती अत्याचार कायद्याने अशा मुलांना स्वतःच्या हक्काने पीडित मानलं.

आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पाहा. त्यात ‘पीडित व्यक्ती’ म्हणजे स्त्री. मूल येतं ते तिच्या अर्जातून: पोटगीत, कलम २१ च्या तात्पुरत्या ताब्यात, आणि भेटीमुळे मुलाचं अहित होणार असेल तर बापाची भेट नाकारण्यात. हे कमी नाही. पण आईने अर्जच केला नाही, तर या कायद्याच्या नजरेत मूल क्वचितच येतं. महाराष्ट्रात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला. देशभर ज्याचं नाव निघतं असं हे काम. अशा कक्षांवरचं लेखन वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवा: ‘मुलांसाठी’ हा शब्द नावाच्या पुढे किती वेळा येतो?

उपचाराचा सगळ्यात चांगला पुरावा, आणि त्याची अट

लहान मुलांसाठी अ‍ॅलिशिया लिबरमन आणि सहकाऱ्यांची २००५ ची चाचणी महत्त्वाची आहे. ३ ते ५ वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया अशा ७५ जोड्या, आणि सुमारे वर्षभर दर आठवड्याला आई-मूल दोघांसोबत एकत्र सत्र. मुलांची लक्षणं कमी झाली, आयांचा त्रासही हलका झाला. यातली मूळ कल्पना मला फार मोलाची वाटते: मुलाला एकट्याला ‘दुरुस्त’ करायचं नाही, मारहाणीने विस्कटलेलं आई-मुलाचं नातं पुन्हा बांधायचं.

पण निवडीची अट वाचायला विसरू नका. मारणारा माणूस त्या घरात राहत नव्हता. म्हणजे धोका बाहेर गेल्यावर काय उपयोगी पडतं, हे ही चाचणी सांगते. तो अजून त्याच घरात झोपतो, तेव्हा काय करायचं, याबद्दल ती गप्प आहे.

सूसमध्ये हा अभ्यास करायचा ठरवलात तर

आता हे सगळं जमिनीवर आणूया. समजा, तुम्ही सूस निवडलं. पाषाणच्या पलीकडे, महामार्ग ओलांडला की लागणारं हे गाव तालुक्याने मुळशीत आहे आणि २०२१ पासून पुणे महापालिकेत. एकाच नावाखाली इथे निदान तीन वस्त्या आहेत: जुनं गावठाण, सोसायट्या आणि बांधकामाच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्या.

गावठाणात भिंतीपलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण शेजारी हा चुलत दीर किंवा भावकीतलाच कुणी असू शकतो. सोसायटीत दार बंद झालं की विषय बंद. साइटवर इमारत पूर्ण झाली की कुटुंब पुढच्या साइटवर जातं, तुमची सहा महिन्यांनंतरची दुसरी फेरी रिकाम्या खोलीत होते. ‘सूसमधली मुलं’ असा एकच नमुना घेतलात, तर तीन वेगळ्या गोष्टींची सरासरी तुमच्या हाती लागेल, आणि ती तिघांपैकी कुणालाच लागू पडणार नाही.

दुसरी गोष्ट माहेराची. पाश्चात्त्य अभ्यासांतली कितीतरी मुलं निवारागृहांतून निवडलेली असतात. आपल्याकडे बाई बऱ्याचदा आधी माहेरी जाते. तिथे आजीची मांडी असते, मामा शाळेत सोडायला येतो, आणि पंधरा दिवसांनी ‘अजून किती दिवस’ हा प्रश्नही येतो. मग समेट होतो, परत जाणं होतं. वर्षात दोनदा असं झालं तर मुलाच्या शाळेचं काय? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. ही तरतूद आई, मामा, मुख्याध्यापक यांच्यापैकी कुणाला माहीत असते? मुलाच्या सावरण्यात समुपदेशनाइतकाच वाटा वर्गातली जागा न हुकण्याचा असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणतोय, कारण हे तपासणं तुमचं काम आहे.

तिसरी गोष्ट संमतीची, आणि इथे चूक परवडत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या सहभागासाठी पालकांची संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार लागतो. पण पालकांपैकी एक जण मारणारा आहे! त्याच्या हातात ‘कौटुंबिक हिंसा’ असं छापलेला अर्ज गेला, तर त्या रात्री त्या घरात काय होईल? म्हणून नीतिमत्ता समितीकडे जाण्याआधी लिहून काढा: अभ्यासाचं घराबाहेरचं नाव काय असेल, मुलाशी कुठे बोलाल, त्याने त्या दिवशीच्या माराबद्दल सांगितलं तर पुढच्या तासात कुणाला फोन कराल. १०९८, १८१ आणि ११२ हे क्रमांक वहीत असू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्यांना आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधी प्रत्यक्ष भेटून या. लैंगिक अत्याचार समोर आला तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तू सांगशील ते कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीही देऊ नका.

एवढी तयारी झेपत नसेल तर मुलांना अजिबात विचारू नका. अंगणवाडी सेविका, आशा ताई, शाळेतल्या बाई, माहेरचे नातलग यांच्याकडे बरंच शिकायला मिळतं. ज्या आता मोठ्या झाल्या आहेत आणि सुरक्षित आहेत, अशांशी बोला. फक्त त्यांना ‘तुमचे वडील मारायचे का’ एवढंच विचारून उठू नका. त्या रात्री तुम्ही कुठे झोपलात, सकाळी शाळेचा डबा कुणी दिला, कुणाला सगळं माहीत होतं आणि त्या माणसाने काय केलं, हे विचारा. अशा उत्तरांतून मदत करणारी माणसं दिसू लागतील, आणि कुठल्या गोष्टीला बळ द्यायचं हेही कळेल.

प्रस्तावाचा पहिला परिच्छेद आता पुन्हा लिहून बघा. ६३ टक्के ठेवायचे असतील तर शेजारी ५० लिहा. ‘साक्षीदार’ खोडा. ‘अशी मुलं पुढे तशीच वागतात’ हे वाक्य तर काढूनच टाका. तुमचा प्रबंध कधी ना कधी त्यांच्यापैकी कुणीतरी वाचणार आहे, आणि कदाचित ते तुमच्याच वर्गात बसलेलं असेल.