हिरोशिगेच्या काष्ठमुद्राचित्रांतील ऋतुसण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
जपानमधील एदो कालखंडातील (१६०३-१८६८) 'उकियो-ए' या काष्ठमुद्राचित्रांच्या परंपरेत ऋतुसणांना महत्त्वाचे स्थान आहे. अशा चित्रांकडे बहुधा लोकजीवनाची विश्वसनीय नोंद म्हणून पाहिले जाते. उतागावा हिरोशिगे (१७९७-१८५८) याच्या 'मेइशो एदो ह्याक्केई' म्हणजे 'एदोतील शंभर प्रसिद्ध स्थळे' या मालिकेतील तीन चित्रांच्या आधारे ही धारणा तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
११ नोव्हेंबर १८५५ रोजी एदो (आजचे टोकियो) शहराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला व ठिकठिकाणी आगी लागल्या. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, उओया एइकिची या प्रकाशकाने ही मालिका काढण्यास प्रारंभ केला. चित्रकार, ठसे कोरणारा, छपाई करणारा व प्रकाशक अशा चौघांच्या सहकार्यातून निर्माण होणारे हे चित्र बाजारात विकले जाई. त्यावरील परवाना-शिक्क्यात वर्ष व महिना असल्याने चित्राचा काळ निश्चित करता येतो. मालिका पुढे चार ऋतूंनुसार लावण्यात आली.

चित्रांचे विश्लेषण :
'सुइदोबाशी, सुरुगादाई' या चित्रात पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येणारा मुलग्यांचा सण आहे. कापडी वा कागदी कार्प मासा उभारणे ही प्रामुख्याने सामान्य नगरवासीयांची प्रथा होती. सामुराई घराण्यांत कुलचिन्हांकित ध्वज उभारले जात. हिरोशिगेने काळा कार्प पुढे आणून जवळजवळ संपूर्ण चित्रचौकट व्यापली आहे, तर सुरुगादाई ही सामुराईंची वस्ती त्यामागे लहान झाली आहे. सामाजिक उतरंड येथे केवळ दृष्टिकोनाच्या बळावर उलटली जाते. विशेष म्हणजे शिक्का १८५७ च्या अधिक पाचव्या महिन्याचा आहे. म्हणजे सण होऊन गेल्यावर चित्राला परवाना मिळाला.

'शहराची भरभराट, तानाबाता सण' या चित्राचा शिक्का १८५७ च्या सातव्या महिन्याचा आहे. घरांच्या छपरांवर उंच बांबू डोलत असून त्यांना इच्छा लिहिलेल्या कागदी पट्ट्यांबरोबर हिशेबाची वही व मणिचौकट यांच्या प्रतिकृती बांधलेल्या आहेत. ताऱ्यांच्या भेटीचा हा सण येथे व्यापारी नगराच्या आकांक्षांचा सण होतो. चित्रात माणसे जवळजवळ दिसत नाहीत. भूकंपाला दोन वर्षेही पूर्ण झाली नसताना शीर्षकातील 'भरभराट' हा शब्द वर्णनापेक्षा मनोकामनेच्या जवळ जातो.

'असाकुसाची भातशेते व तोरी-नो-माची जत्रा' हे चित्र १८५७ च्या अकराव्या महिन्यातील आहे. योशिवारा या वेश्यावस्तीतील खोलीच्या गजांआडून एक पांढरे मांजर बाहेर पाहत आहे. दूर शेतापलीकडे जत्रेकरूंची रांग जात असून त्यांच्या हाती समृद्धी 'ओढून' आणणारी कुमादे ही शुभ दंताळी आहेत. खोलीत मात्र त्याच आकाराच्या केसांच्या पिना पडल्या आहेत. स्त्री चित्रात नाही. तिचे बंदिस्तपण मांजराच्या नजरेतून व्यक्त होते. १८५५ च्या आगीत हीच वस्ती भस्मसात होऊन अनेक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या होत्या, हे लक्षात घेता या शांततेचे गांभीर्य वाढते.

कालगणनेचा प्रश्न :
१८७३ मध्ये जपानने ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली. जुन्या चांद्र-सौर पंचांगानुसार सातवा महिना शरद ऋतूचा आरंभ असे. म्हणूनच तानाबाताचे चित्र मालिकेच्या शरद विभागात आहे. नव्या तारखेनुसार ७ जुलैला हा सण बहुतेक भागांत ऐन पावसाळ्यात येतो. त्यामुळे आजच्या तारखा गृहीत धरून या चित्रांतील ऋतू वाचल्यास अर्थ चुकतो.

निष्कर्ष :
हिरोशिगेची ही चित्रे सणांची माहिती देतात, परंतु त्यांचे मूल्य तेवढ्यापुरते मर्यादित नाही. सण कोणी, कोठून व किती अंतरावरून पाहिला, हा त्यांचा खरा विषय आहे. पहिल्या चित्रात सामान्यांचा सण मोठा होतो, दुसऱ्यात तो उद्ध्वस्त शहराची इच्छा होतो आणि तिसऱ्यात तो गजांपलीकडे राहतो. म्हणूनच या चित्रांचा केवळ सांस्कृतिक दस्तऐवज म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेल्या माणसांचाही विचार करणे आवश्यक ठरते.